कॅक्टसचं कटिंग: थेट कुंडीत लावू की मुळं फुटेपर्यंत कोरडं ठेवू?

ताजा काप लगेच मातीत खोचायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच, कारण ओल्या कापातून बुरशी शिरते आणि कटिंग खालून सडत जातं. सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवून खपली धरू द्या. फड्या निवडुंगाच्या पानाला (ते खरं तर खोडच) आठवडाभर पुरतो, मनगटाएवढ्या जाड खांबाला दोन-तीन आठवडे. निवड करायची ती त्यानंतर.

थेट कुंडीत लावलं की कटकट कमी, कोवळी मुळं हाताळताना मोडायची भीती नाही. पण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि पाणी घालायला हात शिवशिवतो, तिथेच घात होतो! माझा एक सुंदर खांब असाच गेला, दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी घालत राहिले आणि हलवून बघितलं तर बुडाशी तपकिरी लगदा. अहो मुळंच नाहीत तर ते पाणी पिणार कशाने, तोवर ते खोडातल्या साठ्यावरच जगत असतं.

म्हणून जाड खांबाला मी कोरडंच ठेवते, रिकाम्या कुंडीत उभं करून, आडवं नाही, आडवं ठेवलं की उजेडाकडे वाकतं आणि मुळं बाजूने फुटतात. काही आठवड्यांनी कापाच्या मधल्या गोल कड्यातून पांढरी टोकं डोकावतात, ती दिसली की मगच माती. कापतानाच कडा पेन्सिलसारख्या तासून घ्या, साल कडक असते आणि गर सुकून आत ओढला जातो, मग मधली मुळं मातीपासून अधांतरी राहतात.

फडा किंवा बारीक पिल्लं असतील तर थेट कुंडीच बरी. माती कोरडी, त्यात निम्म्याहून जास्त भरड रेती किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे), आणि हलकेच ओढल्यावर धरून ठेवतंय असं वाटलं की पहिलं पाणी. कुंडी कटिंगपेक्षा जेमतेम मोठी, पाणी घालताना हात सढळ असेल तर मातीचीच, प्लास्टिकमध्ये ओल फार टिकते.

ख्रिसमस कॅक्टसचं गणित मात्र उलटं, तो रानात झाडांवर वाढणारा, त्याला एक-दोन दिवस सुकवून किंचित ओलसर मिश्रणातच लावा, महिनाभर कोरडा ठेवलात तर सुरकुतून जाईल.

आणि कलम केलेला लाल-पिवळा गोळा कापून लावायचा विचार असेल तर नको, त्यात हरितद्रव्य नसतं, खालच्या हिरव्या खोडाशिवाय तो जगत नाही.