बाळाच्या झोपेची हमी देऊन पैसे उकळतात, सावध राहा

तान्ह्या बाळाची झोप ‘२१ दिवसांत’ लावून देते म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका. आमचे ६,५०० रुपये गेले. पण पैशांपेक्षा मोठं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही डिचोलीचे. धाकटा तेव्हा दीड महिन्याचा. दिवेलागणीला रडायला लागला की मध्यरात्र उलटली तरी थांबायचा नाही. पाय पोटाशी ओढायचा, मुठी घट्ट आवळायचा, चेहरा लालबुंद. पाळणा हलवून हलवून दंड भरून यायचे. त्याच्या आवाजानं थोरली उठून बसायची आणि सकाळी बालवाडीत जाताना तीही रडायची. नवरा कुंडईच्या कारखान्यात, त्याची रात्रपाळी. वर पावसाळ्यात वीज गेली की घरात नुसती घालमेल. अशात व्हॉट्सअॅपवरच्या आयांच्या ग्रुपमध्ये एका ‘झोपतज्ज्ञ’ ताईची जाहिरात आली.

फोनवर तिनं सगळ्यात आधी वय विचारलं. “सहा आठवडे? अगदी योग्य वेळी आलात हो वहिनी!” फरक पडला नाही तर पूर्ण पैसे परत, असंही म्हणाली. पैसे यूपीआयवर घेतले आणि एक वेळापत्रक पाठवलं. त्यात बाळाला दर चार तासांनीच पाजायचं, मध्ये रडलं तरी उचलायचं नाही, असं होतं. एवढ्याशा बाळाला! सासूबाईंनी ते वाचून फोनच बाजूला ठेवला आणि त्याला माझ्या मांडीवर दिलं. मग ताईनं ‘नैसर्गिक थेंब’ सुचवले, त्याचे १,८०० रुपये वेगळे. बाटली कुरियरनं आली.

थेंब दिले त्या रात्री तो रडला नाही. पण पाजायची वेळ टळून गेली तरी जागा होईना. तळपायाला टिचक्या मारल्या, ओला कपडा फिरवला, तरी तोंडात दूध घेईना. लंगोट कोरडाच. तसंच उचलून म्हापशाला नेलं. तिथं त्याला देखरेखीखाली ठेवून घेतलं. तो सावरला, देवाची कृपा.

डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन लेबलवर काय नाही ते एकेक करून दाखवलं. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख नाही, आत काय आहे तेही नाही. आयुर्वेदिक औषधावरही हे सगळं छापलेलं असावंच लागतं. आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. औषध लागलंच तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

मग त्यांनी कागदावर एक चढउतार काढून दाखवला. रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बहुतेक बाळांचं आपोआप कमी होतं. संध्याकाळी जास्त रडणं हेही त्यातलंच. म्हणजे ताईनं वय का विचारलं ते बघा. सहाव्या आठवड्यात पैसे घ्यायचे, २१ दिवस मोजायचे, तोवर रडणं उतरणीला लागतं आणि श्रेय तिला. नाही लागलं, तर “तुम्ही वेळापत्रक पाळलं नाही” आहेच. पैसे परत मागितल्यावर मला नेमकं हेच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

रात्री जागणाऱ्यांसाठी एवढं नक्की सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, हिरवी उलटी झाली, दूध सुटलं, लघवी कमी झाली किंवा रडण्याचा आवाजच वेगळा वाटला, तर सकाळची वाट बघू नका. तेवढं काही नसेल आणि आपलाच संयम सुटायला लागला, तर बाळाला सपाट जागी उताणं ठेवा आणि काही मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन या. बाळाला गदागदा हलवायचं मात्र कधीच नाही, त्यानं मेंदूला इजा होते.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त. चॅट, यूपीआयची पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि औषधाची बाटली जपून ठेवा. रागाच्या भरात काही पुसून टाकू नका.