तर्री पोह्याची तलफ आली की इथेच जा
तलफ म्हटलं की लोकांना चहा, बिडी नाहीतर खर्राच आठवतो, पण आपल्या नागपुरात तर्री पोह्यालाही हाच शब्द लागतो, कारण भूक काय बिस्किटानेही भागते ना, तलफ नाही भागत. कस्तुरचंद पार्कचे पोहे फेमस आहेतच, पण धरमपेठेतल्या गल्लीतला हा सकाळचा ठेला मला जास्त आवडतो. पोहे मोकळे आणि गरम, त्यावर भाऊ तर्री, म्हणजे काळ्या चण्याचा झणझणीत रस्सा ओततो, वर तेलाचा लालभडक तवंग, मग कच्चा कांदा, शेव, सांबार (पुण्या-मुंबईवाल्यांनो, कोथिंबीर!) आणि लिंबू. चणा बोटाने दाबला की फुटतो पण त्याचा गाळ होत नाही, इथेच बाकीचे ठेले मार खातात. नुसती हुक्की आली असेल तर साधे पोहे घ्या, खरी तलफ असेल तर "भाऊ, तर्री मारून" म्हणा, डोळ्यातून पाणी येईल पण दुसरी प्लेट सुटणार नाही.

वहिनीला डोहाळे लागले होते तेव्हा दादा ऑफिसच्या आधी इथूनच पार्सल न्यायचा, दुसरीकडचं तिला चालतच नव्हतं.

बसायला जागा नाही, उभ्यानेच खावं लागतं, आणि रविवारी गर्दी फार. पार्सल घेताना तर्री वेगळ्या पन्नीत मागा, नाहीतर घरी पोचेपर्यंत लगदा होतो.