खुब्याची सोनोग्राफी: दुखतं कुठे ते आधी बघणारं सेंटर

उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत होतं. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, जिना चढताना कळ यायची. आधी सायटिका म्हणून मणक्याचा एमआरआय झाला. मग 'बर्सायटिस' (हाड आणि टेंडन यांच्यामधल्या पातळ पिशवीची सूज) म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. त्याने आराम पडला, पण दुखणं पुन्हा आलंच. एक्स-रे तर चांगलाच होता. त्यात हाड दिसतं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) दिसत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

नंतरच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी मला ३० सेकंद उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. तेवढ्यात जिथली तिथे कळ उठली आणि डावीकडची कंबर खाली झुकली. त्यांनी लगेच इथे पाठवलं.

इथल्या मॅडमनी प्रोब लावण्याआधी बोटाने हाड दाबत दाबत विचारलं, "काकू, इथंच ना?" हे मला फार मोलाचं वाटतं. इतके दिवस सगळे कागद बघत होते, खुब्याला हात कुणी लावला नव्हता. मग डाव्या कुशीवर झोपवून उजवी बाजू पाहिली, तुलनेसाठी डावीही पाहिली. ग्लुटियस मिडियस या खुब्याच्या बाजूच्या स्नायूचं टेंडन हाडाला चिकटतं तिथे काही भाग सुटलेला होता. तो त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवला. डावीकडच्या सलग पट्ट्यांशेजारी तो मलाही ओळखता आला.

आणखी एक आवडलं. त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्याच्याखालचा, खोलवरचा ग्लुटियस मिनिमस स्नायू आणि स्नायूत किती चरबी भरली आहे हे एमआरआयमध्ये जास्त नीट कळतं. ऑपरेशनचा विचार झालाच तर एमआरआय करा, पण खुब्याचा, मणक्याचा नव्हे. रिपोर्टमध्येही कोणतं टेंडन, फाटणं अर्धवट की पूर्ण आणि किती मिलिमीटर, सगळं लिहिलेलं होतं. त्यावरूनच डॉक्टरांनी ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करू असं ठरवलं. पायावर पाय टाकून बसणं बंद केलंय, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घेते. जिना अजून हळूच चढते, पण रात्रीची झोप परत आली आहे.

चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

लिफ्टपर्यंत पोचायला चार-पाच पायऱ्या आहेत आणि तिथे कठडा नाही. खुब्याचेच पेशंट येतात, तेव्हा तो बसवायलाच हवा. अपॉइंटमेंट असूनही थांबावं लागलं. सैल कपडे घालून जा आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, मॅडम ते खरंच वाचतात.