गंगापूर रोडचा जॅझ पियानो क्लास: आठ महिने झाले, मायनर कॉर्डबद्दल सविस्तर लिहितोय

नाशिकमध्ये जॅझ पियानो शिकवणारं कोणी आहे का असं मी दोन वर्षं दिसेल त्याला विचारत होतो, आता सापडलंय तर नीट लिहितो, माझ्यासारखं कोणी शोधत असेल तर उपयोगाला येईल. क्लासचं नाव टाकत नाही कारण सरच नको म्हणाले, घरीच शिकवतात आणि एका बॅचला चारच्या वर माणसं घेत नाहीत. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे जाताना एका सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट, बाहेरच्या खोलीत एक जुना उभा पियानो, एक डिजिटल पियानो आणि एक फळा, बस एवढंच.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. वय ४६, अंबड एमआयडीसीत नोकरी, दहाव्या वर्षापासून पेटी वाजवतो, पंचवटीत आमचं भजनी मंडळ आहे, एकादशीला आणि दर गुरुवारी बसतो. एका मित्राने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा काइंड ऑफ ब्लू अल्बम ऐकवला, त्यातला पहिलाच ट्रॅक सो व्हॉट, तिथे बास आपली ओळ म्हणतो आणि बिल एव्हान्स पियानोवर दोन कॉर्ड (एकाच वेळी दाबलेले चार-पाच स्वर) टाकून उत्तर देतो, ते ऐकलं आणि मला झोप लागेना. पेटीवर सगळं करून बघितलं, सा ग प दाबलं, सा ग प नी दाबलं, स्वर बरोबर पण ते काही येईना. मग एक ऑनलाइन कोर्स घेतला, साडेचार हजार गेले, पीडीएफमध्ये मायनर, म्हणजे कोमल ग असलेल्या, कॉर्डची पानंच्या पानं, बोटं कुठे ठेवायची ते सगळं आहे पण का ठेवायची ते एका ओळीत कुठे नाही. तीन महिने घोकलं आणि बंद केलं.

तर सरांकडचा पहिला तास. सर माझ्याहून बरेच लहान आहेत, मला काका म्हणतात. म्हणाले डी मायनर सेव्हन्थ वाजवा. मी वाजवला, डी एफ ए सी, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोनचा सा, मग कोमल ग, प, कोमल नी. सर म्हणाले, "छान. आता सा सोडा." मी म्हटलं सर, सा सोडला तर राहिलं काय? ते म्हणाले, "काका, सा माझ्याकडे द्या, तुम्ही वर रे घ्या." म्हणजे माझ्या डाव्या हातात एफ ए सी ई राहिले. वाजवून बघा, तो चक्क एफ मेजर सेव्हन्थ आहे, गोड, उजेडातला, त्यात मायनर कुठेच नाही. मी तो धरून ठेवला आणि सरांनी खाली खर्जात एका बोटाने डी दाबला. मी काहीही हलवलं नव्हतं, माझी चार बोटं जिथल्या तिथे होती, आणि तोच कॉर्ड बदलून गेला, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घरात जसं होतं तसं काहीतरी. पुन्हा डी उचलला, पुन्हा उजेड. पुन्हा दाबला. असं सात आठ वेळा करून घेतलं मी त्यांच्याकडून.

लहानपणापासून तंबोऱ्यात वाढल्यावर सा सोडणं म्हणजे काय ते पेटीवाल्यांनाच कळेल. पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता, डी. व्ही. पलुस्करांचा जन्म १९२१ साली इथे नाशिकचा, आमच्याकडे भजनाच्या आधी सा लावला नाही तर म्हातारी माणसं बसून राहतात पण सुरू करत नाहीत. आणि इथे सांगतायत सा सोडा. पण खरं तर सा सोडायचा नसतोच, तो दुसऱ्याकडे द्यायचा असतो. जॅझच्या ग्रुपमध्ये बास वाजवणारा तो सांभाळतो, मग पियानोच्या डाव्या हाताने तोच परत कशाला धरायचा, त्या बोटाला दुसरं काम द्यावं. ही रूटलेस पद्धत (रूट म्हणजे कॉर्डचा सा, तो गाळायचा) बिल एव्हान्स आणि विंटन केली या पियानोवाल्यांच्या वादनातून १९५० च्या दशकात पक्की होत गेली हे सरांनी सांगितलं, रेकॉर्ड लावून दाखवलं, आणि मला वाटतं ही एक गोष्ट कळली तरी फी वसूल आहे.

याचे दोन प्रकार घोटून घेतात. पहिला ग प नी रे, दुसरा त्याचाच खालचा अर्धा भाग वर नेलेला, नी रे ग प. डी मायनरला दुसरा म्हणजे सी ई एफ ए. यात रे आणि कोमल ग एकमेकांना चिकटून येतात, ई आणि एफ, मधे काळी पट्टीसुद्धा नाही. पहिल्यांदा मला वाटलं चुकलं, बोट घसरलं. सर म्हणाले तेच पाहिजे, तो घासतोय तिथेच रंग आहे. आता मला हा दुसराच जास्त आवडतो, पहिला जरा फार सरळ वाटायला लागलाय.

आणि जागा. हे त्या पीडीएफमध्ये अजिबात नव्हतं. चार स्वरांचा हा गठ्ठा मिडल सीच्या, म्हणजे पियानोच्या मधोमधच्या सीच्या, आजूबाजूलाच ठेवायचा, एक सप्तक खाली नेलात तर सगळं गढूळ, स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. म्हणूनच दोन प्रकार लागतात, एखाद्या सुरात पहिला फार खाली जात असेल तर दुसरा घ्यायचा, हात फार न हलवता. खाली जायचंच असेल तर शेल, म्हणजे फक्त सा, कोमल ग आणि कोमल नी, प गाळायचा, नाही तर नुसते सा नी.

सो व्हॉटचा कॉर्ड चौथ्या महिन्यात आला, मी दर रविवारी विचारत होतो, सर म्हणायचे थांबा. डी जी सी एफ ए. सा म नी ग प. खालून तीन वेळा सरळ मध्यमाचं अंतर आणि सगळ्यात वर एक मेजर थर्ड, म्हणजे सा ते शुद्ध ग एवढं अंतर, डाव्या हातात खालचे तीन, उजव्यात वरचे दोन. आणि रेकॉर्डवर आधी येतो तो याच आकाराचा एक स्वर वरचा, ई ए डी जी बी, म्हणजे रे प सा म आणि शुद्ध ध. रे प सा म ध, मग सा म नी ग प. कागदावर लिहून बघितलं तर पूर्ण काफी थाट! कोमल ग, कोमल नी, बाकी शुद्ध, तिकडे त्याला डोरियन म्हणतात. मी इतकी वर्षं भीमपलास वाजवतोय, तोही त्याच थाटातला, आणि हे दोन कॉर्ड मला परके वाटत होते. त्या दिवशी मी घरी जाताना गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसलो. पुढे पियानोवादक मॅकॉय टायनरने सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबर १९६० ते ६५ मध्ये हीच मध्यमांची उतरंड कुठल्या कुठे नेली, ते सध्या फक्त ऐकायला दिलंय, हात लावायचा नाही अजून.

पियानोवादक केनी बॅरनच्या नावाने जो कॉर्ड ओळखतात तोही करून घेतला, डाव्या हातात सा प रे, उजव्यात ग नी म, दोन पंचमांच्या जोड्या आणि मधे अर्ध्या स्वराची फट. फार मोठा आवाज येतो, देवळाच्या गाभाऱ्यात म्हटल्यासारखा. पण डावा हात सा पासून वरच्या रे पर्यंत ताणावा लागतो, बॅचमधल्या बारावीच्या मुलीचा हात लहान आहे, तिला सरांनी खालून वर एकेक स्वर दाबत पेडल धरायला शिकवलं, ते उलट जास्त छान वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ ज्याला दिला आणि जे मला कुठेच मिळालं नसतं ते म्हणजे मुक्कामाचा मायनर आणि वाटेवरचा मायनर. हे शब्द सरांचे. कॉर्ड पुढे कुठेतरी निघालाय तर कोमल नी, म्हणजे मायनर सेव्हन्थ. गाणं घरी येऊन टेकलंय तर कोमल नी नेहमी पुरत नाही, तो ओढत राहतो, तिथे नी काढून शुद्ध ध द्यायचा, मायनर सिक्स्थ. किंवा शुद्ध नी, सा ग प नी, कोमल ग आणि शुद्ध नी एकत्र, ऐकल्याबरोबर मला पटदीप राग आठवला आणि मी तसं बोललो, तर सर म्हणाले हो मग तसंच ऐका. सी मायनरला यायची वाट फळ्यावर लिहून देतात: एफ, ए फ्लॅट, सी, डी. मग एफ आणि ए फ्लॅट जागेवर, सी अर्धा स्वर उतरून बी, डी अर्धा स्वर चढून ई फ्लॅट, हा जी सेव्हन्थ (त्याचा सा म्हणजे जी इथेही बासकडे), चांगला टोचणारा. मग चारही बोटं खाली उतरतात, ई फ्लॅट, जी, ए, डी. घरी. एकही उडी नाही. हे मी रोज रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून दहा मिनिटं वाजवतो, बाराही सुरांत अजून होत नाही, एफ शार्पला अडतो.

एक मला स्वतःला सापडलं ते सांगतो. पेटीवर डावा हात भात्याला, वाजवायला उजवा एकच, त्यामुळे मोठे कॉर्ड जमत नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण रूटलेस तर एकाच हाताचा आहे, आणि सा द्यायला तंबोरा आहेच! मंडळात गजराला ग प नी रे टाकून बघितलं. आमचे बुवा वळून बघायला लागले, संपल्यावर म्हणाले, "गजराला राहू दे, अभंगाला नको, शब्द झाकतात." मला पटलं ते, अभंगाला मी अजूनही एकेरीच साथ करतो.

आता तक्रारी. उभा पियानो पावसाळ्यात बेसूर होतो, जुलै ऑगस्टमध्ये मधल्या सप्तकातले तीन चार स्वर ऐकवत नव्हते, ट्यूनर यायला सप्टेंबर उजाडला, आणि ज्या क्लासमध्ये रे आणि ग घासतात ते ऐकायला शिकवतात तिथे पियानो सुरात नसणं मला फार लागलं, सरांना तसं सांगितलंही. मुंबईत कार्यक्रम असला की रविवारचा तास आदल्या रात्री मेसेज करून रद्द होतो, भरून देतात पण लांबून येणाऱ्यांचे हाल होतात, एक जण सिन्नरहून येतात. पार्किंग नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या इंग्लंडच्या संस्थांच्या संगीत परीक्षांची तयारी करून घेत नाहीत, मुलांना सर्टिफिकेट पाहिजे असेल तर दुसरीकडे बघा.

फी महिन्याला २,८०० रुपये, त्यात चार वेळा क्लास, प्रत्येक सव्वा तासाचा. घरी ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो असेल तर बरं, मी सुरुवातीचे दोन महिने ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर काढले, चालतं, फक्त दोन हातांचे कॉर्ड घेताना खाली सा द्यायला जागा कमी पडते.

जॅझ आपला नाही असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगेन की १९३० च्या दशकात अमेरिकेचा टेडी वेदरफोर्ड मुंबईच्या ताज हॉटेलात जॅझ पियानो वाजवत होता, आणि पुढे १९४०-५० च्या दशकांत आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटला घेऊन सिनेमाची गाणी करत होते. पंचवटी एक्सप्रेसने जाऊन येण्याइतकं जवळ होतं हे सगळं.

पेटीवाल्यांनी जरूर जावं, सरगम येत असेल तर सर तीच भाषा वापरतात, इंग्रजी नोटेशन नंतर आलं तरी चालतं. आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना एफ ए सी ई धरायला सांगा आणि खाली डी दाबायला लावा. रविवारच्या सकाळच्या बॅचला सध्या एक जागा आहे, साडेआठची, चहा मिळतो.