आव्हिन्यों, १३४८: जांघेत अवधाण आलं तर कुणाच्या दारात जायचं?

साल १३४८. गाव आव्हिन्यों, आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेला. पोपचा मुक्काम तेव्हा रोमऐवजी इथे होता, म्हणून पदवीधर वैद्य, शस्त्रवैद्य, ज्योतिषी, पाद्री असे सगळे एकाच गावात सापडत. जानेवारीत प्लेग येऊन पोचला. ताप चढलाय, जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, आलंय. आता कुणाला बोलवायचं?

पदवीधर वैद्याचा मान सगळ्यात मोठा. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त यांचा तोल गेला की माणूस आजारी पडतो, हा त्याचा पाया. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे परकं वाटत नाही, आणि युनानी हकिमांकडे तर हेच चार दोष आजही आहेत. पण एकाच वेळी अख्ख्या गावाचा तोल कसा गेला? त्याचं उत्तर पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यकशाखेने त्याच वर्षी ऑक्टोबरात राजाला लिहून दिलं: २० मार्च १३४५ रोजी शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले, त्याने हवा नासली. साडेसातीला घाबरणाऱ्यांनी उगाच हसू नये.

हा वैद्य बाटलीतली लघवी उजेडात धरून पाहील, शीर कापून रक्त काढेल, जुलाब देईल आणि पैसेवाले असाल तर ‘थेरिअ‍ॅक’ चाटवेल. त्यात सापाचं मांस आणि अफू असे. तापाने आधीच गळलेल्या माणसाचं रक्त काढणं आणि त्यावर जुलाब, म्हणजे मरणाला हातभारच. (चोचीचा मुखवटा घातलेला डॉक्टर मात्र इथे शोधू नका, तो सतराव्या शतकातला.)

पाद्री हा खरं तर वेगळा पर्याय नव्हताच. १२१५ च्या धर्मपरिषदेचा नियम असा, की वैद्याने रोग्याला आधी पापांची कबुली द्यायला लावायची, औषध मग. रोग हा देवाचा कोप, उतारा पश्चात्ताप. पोप क्लेमेंट सहावा याने प्लेगने मरणाऱ्यांना पापमुक्ती जाहीर केली आणि पुरायला जागा उरेना तेव्हा ऱ्होन नदीच पवित्र करून प्रेतं तिच्यात सोडू दिली. रक्ताची थुंकी पडत असेल तर माझं मत सरळ आहे: पाद्रीच बोलवा. त्या प्रकारात रोगी तीन दिवसांत जात असे, कुणाचंही काही चालत नसे.

देवाच्या कोपापेक्षा वाईट समजूत तिसरीच होती: ज्यूंनी विहिरीत विष टाकलं. ज्यूही मरताहेत आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही रोग आहे, हे पोपने फर्मान काढून सांगितलं. तरी फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गला शेकडो ज्यू जाळले गेले.

आता शस्त्रवैद्य. पोपच्या पदरी असलेला गी द शोलियाक वैद्यही होता आणि शस्त्रक्रियाही जाणत होता. बहुतेक वैद्य रोग्याच्या घरी पाऊल टाकायला घाबरत, गेले तरी उपयोग होत नसे, हे त्याने स्वतःच लाज वाटून लिहून ठेवलंय. आपणही सतत भीतीत होतो, केवळ बदनामी नको म्हणून थांबलो, हेही. साथीच्या शेवटी त्यालाच ताप आला, जांघेत गाठ आली. जवळजवळ सहा आठवडे तो अंथरुणात होता. अंजीर आणि शिजवलेला कांदा कुटून, त्यात खमीर आणि लोणी घालून गाठीवर बांधलं, म्हणजे आपलं कांद्याचं पोटीसच. गाठ पिकल्यावर ती फोडली आणि मग साध्या जखमेसारखी भरू दिली. तो वाचला. गाठ असेल तर मी याच दारात जाईन, फक्त शीर कापू देणार नाही. अर्थात, गाठीच्या प्लेगमध्ये उपचाराविनाही बरेच रोगी जगतात. त्यामुळे प्रत्येक वैद्याकडे आणि प्रत्येक संताकडे बरे झालेल्यांची यादी असायचीच.

अजून गाठ आलेली नसेल तर सगळ्यांचा सल्ला एकच: लवकर निघा, लांब जा, उशिरा परता. नासकी हवा मागे टाकायची, हा हिशेब. कारण चुकलेलं, पण निघणाऱ्याचा जीव बरेचदा वाचे. मात्र तो रोग सोबत नेई, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या गावाला बसे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा शहर सोडणाऱ्या लाखोंच्या बाबतीतही हेच झालं.

रोग माणसाकडून माणसाकडे जातो, हे आजच्या स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या इब्न अल-खतीब या वैद्याने त्याच साथीनंतर ठामपणे लिहिलं: रोग्याचे कपडे, भांडी, कानातलं डूलही पुरतं. प्लेग पिसू पसरवते हे त्याला ठाऊक नव्हतं, पण कपड्यांवर बोट बरोबर ठेवलं. व्यवहारात ते आणलं व्यापाऱ्यांच्या रागुसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने. १३७७ मध्ये तिथल्या कारभाऱ्यांनी ठराव केला: साथीच्या मुलखातून येणाऱ्याने ३० दिवस बाहेर काढावेत, मगच वेशीच्या आत यावं. त्यांनी ना बंदर कायमचं बंद केलं, ना ग्रहांची वाट पाहिली. आव्हिन्योंतल्या रोग्याला हा पर्याय २९ वर्षं उशिरा मिळाला.