नव्वद रुपयांचा क्लिकर आणि आमची चिंगी

मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी, आत पोलादी पत्र्याची पट्टी, वर पिवळं बटण. दाबलं की 'टिक-टॅक'. हा क्लिकर, म्हणजे कुत्र्याला शिकवताना वापरायची टिकटिकी. नव्वद रुपयांना घेतला, तीन महिने रोज वापरतेय.

चिंगी आमच्या पार्किंगमध्ये सापडलेली देशी कुत्री, आता दीड वर्षाची. बेल वाजली की आलेल्या माणसाच्या अंगावर उडी ठरलेली. आधी एका ट्रेनरकडे गेलो होतो. त्यांनी गळ्यात साखळी घालून, उडी मारली की हिसका द्यायला शिकवलं. पंधरा दिवसांत उड्या थांबल्या हे खरं. पण पुढे साखळी नुसती खुळखुळली तरी चिंगी दिवाणाखाली शिरायची आणि कुरवाळायला हात नेला की मान आखडून घ्यायची. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. उडी मारायची नाही एवढं तिला कळलं होतं, पण मग करायचं काय, हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

मग क्लिकर आणला. त्याच्या आवाजाला आपल्याला अर्थ द्यावा लागतो. टिक, की लगेच खाऊ. पावलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना जशी खाण्याआधीची खूण कळायला लागली, तसंच. मी उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे वापरले. दोन दिवसांत टिक ऐकताच कान टवकारायला लागली. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ सालच्या एका लेखात याच कामासाठी खेळण्याच्या दुकानात मिळणारी टिकटिकी सुचवली होती.

खरी गंमत वेळेत आहे. बेल वाजली की चटईवर बसायचं, हे शिकवायचं होतं. आधी चटईकडे नुसतं बघितलं तरी टिक, मग एक पाय ठेवला की टिक, मग चारही. बसण्यापर्यंत आलो आणि माझा अंगठा जरा उशिरा पडला, ती उठत असताना. पुढचे तीन दिवस बाई बसायच्या, लगेच उठायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. तिचं काही चुकलं नव्हतं. मी ज्याला टिक दिली, तेच ती शिकली.

जेवताना ताटाशी येऊन कुंई-कुंई करण्याची सवय मात्र सुटत नव्हती. सासरे म्हणायचे, "अगं, रोज कुठे देतो? एखाद्या दिवशी पोळीचा तुकडा." त्या एखाद्या दिवसानेच सवय चिवट होते, कारण आज नाही तर उद्या मिळेल ही आशा सुटत नाही. सगळ्यांनीच बंद केलं तेव्हा पहिला आठवडाभर कुंई-कुंई उलट वाढली. तिथे डळमळला असतात तर आणखी मोठ्याने ओरडायला शिकवलं असतंत, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात ती ताटापासून लांब पडून राहायला लागली.

आता वस्तूतल्या उणिवा. आवाज लहान खोलीत फार टोचतो, पहिल्या दिवशी चिंगी दचकली. मोज्यात घालून दाबला, मग ठीक. मनगटात अडकवायची दोरी दुसऱ्या महिन्यात तुटली. पावसाळ्यात पट्टीला गंज धरला. पाकिटावर वापराची एक ओळही नाही, हे मला चूक वाटतं, कारण नुसती टिकटिक करून खाऊ दिला नाही तर तो आवाज लवकरच निकामी होतो.

तरी जरूर घ्या, आणि एकदम दोन घ्या. आमचा दुसरा बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो.