ओटीजीचे आठ महिने: नॉबवर २००, आत १६५

पाडव्याला २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन घेतला. लिटर, वॅट, रॉड हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यात जात नाही. बोलायचंय ते तापमानाच्या नॉबबद्दल. त्या एका नॉबपायी माझे अडीच महिने आणि कितीतरी मैदा वाया गेला.

आमच्याकडे रविवारी मिसळ, आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच लागतो. २०१६ साली ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेट या अपायकारक रसायनावर बंदी आली, तेव्हापासून ब्रेड घरी करायचं मनात होतं. पहिलाच लोफ वरून खरपूस, बाजू पांढऱ्या, आत चिकट गोळा. सासूबाईंनी तुकडा बोटांत दाबला, "आतनं कच्चा हाय की गं." मी यीस्टला दोष दिला. नवं पाकीट आणलं, दूध बोट सुखानं बुडेल इतकंच कोमट ठेवलं, कारण कढत दुधात यीस्ट मरतं. तरी तेच. वरचा रॉड जवळ म्हणून वरून रंग यायचा, बाकी भट्टी थंडच.

शेवटी आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. नॉब २०० वर, काटा १६५ वर. डोक्यात तिडीकच गेली.

टोल-फ्रीवर तक्रार केली. नऊ दिवसांनी एक मुलगा आला, ब्रेडचा तुकडा भाजून दाखवला, "तापतोय की मॅडम" म्हणाला आणि गेला. तासाभरात मेसेज, तक्रार निकाली. मला न विचारता! मी पुन्हा नोंदवली. या वेळी चाळीस मिनिटं दर पाच मिनिटांनी काट्याचा फोटो काढून पाठवला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहकानंच पुरावे गोळा करायचे, हे मला अजून पटलेलं नाही. एक स्टार द्यायचा ठरवलाच होता.

पण दुसऱ्या वेळी आलेले वयस्कर मेकॅनिक जाणते निघाले. वॉरंटीत थर्मोस्टॅट बदलला आणि जाता जाता म्हणाले, "दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नाहीत. पंचवीस मिनिटं द्या त्याला." मी दहाच मिनिटं देत होते. म्हणजे थोडी चूक माझीही होती, हे इथं लिहायलाच हवं. आताही काटा पंधरा अंश मागे असतो, पण रोज तेवढाच. मी नॉब २१५ वर ठेवते.

त्यानंतर एकही लोफ कच्चा निघालेला नाही. ३५० ग्रॅम मैदा, २२० मिली दूध-पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ. टिन खालच्या जाळीवर, ३५ मिनिटं. पावसाळ्यात पीठ आधीच ओलसर असतं, तेव्हा पाणी दोन चमचे कमी. आता थंडीत कणीक फुगत नाही, म्हणून बंद ओटीजीतच शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवते. खपलीचा नाद दोनदा केला. त्या गव्हाच्या पिठाला ताण नसतो, लोफ बसतो. निम्मा मैदा घातला तर जमतं. नानकटाईचं सामान घेऊन दिवाळीत बेकरीत नंबर लावायचे, तेही यंदा वाचलं.

विजेची धास्ती होती, म्हणून मीटर बघून ठेवला. तापवण्यापासून लोफ निघेपर्यंत एक युनिटही होत नाही. रोजच्या नाश्त्याला मात्र पोहे-उप्पीटच, एवढ्यातेवढ्यासाठी ओटीजी लावत नाही.

लोफ शनिवारी संध्याकाळी भाजते आणि रविवारीच कापते. गरम कापला की सुरीला चिकटतो, आणि ताजा स्लाइस कटात विरघळतो. रात्रभर मुरलेला स्लाइस झणझणीत कट पिऊन घेतो, तरी हातात अख्खा राहतो. गेल्या रविवारी सासूबाईंनी तिसरा स्लाइस मागून घेतला.

चार स्टार. एक कापला तो त्या न विचारता बंद केलेल्या तक्रारीचा. घेणाऱ्यांनी थर्मामीटर पहिल्याच दिवशी आणावा आणि वॉरंटीचं कार्ड जपावं. माझी पाडव्याला संपते, त्याआधी दाराची सैल झालेली स्प्रिंग बदलून घेणार आहे.